पंचफुलाची पात

पंचफुलानं मला टोळीतून काढलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तोंडानं ती काही बोलली नाही. सकाळी नेहमीसारखी गल्लीतून हाका देत निघाली, माझ्या दाराशी आली आणि माझं नाव न घेता पुढच्या दाराला गेली. मी भाकर बांधून, विळा घेऊन ओट्यावर उभी होते. तिनं मला पाहिलं नाही असं नाही. पाहिलं आणि गेली.

तिची रीतच तशी होती. जिचं नाव सकाळी घेतलं ती कामाला, जिचं नाही घेतलं ती घरी. भांडण नाही, कारण नाही. कारण सगळ्यांना ठाऊक असायचं.

आमचं गाव दर्यापूरकडून अकोल्याला जाताना लागतं. काळी जमीन, कपाशी, तूर आणि पाऊस पडला की गुडघाभर गवत. पंचफुलाची टोळी निंदणाची, पिकातलं गवत काढणारी. तिला सोडून सतरा बाया. शहरातल्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, निंदायला बाया शेताच्या कडेला, धुऱ्यावर, एका ओळीत बसतात. प्रत्येकीच्या पुढे कपाशीचे ठरावीक तास, म्हणजे ओळी, ती तिची पात. सगळ्या बरोबर सरकत जातात. पंचफुला काम गुत्त्यानं घ्यायची, म्हणजे पूर्ण शेताचं एकदम ठरवून, आणि मिळेल ते सगळ्यांत सारखं वाटायची. वाटणी सारखी, म्हणून पातही सारखी हवी. एखादी मागं राहिली तर ती दुसरीच्या ताटातलं खाते, असा तिचा सरळ हिशेब. दुपारच्या आत तीनदा मागं राहिलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी हाक नाही.

माझे गुडघे गेले होते. मी मागं राहत होते. खोटं कशाला बोलू?

महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. मग एक दिवस ती रिकामा गुंड, पाण्याची कळशी, घेऊन माझ्या अंगणात उभी राहिली.

"वयनी, पाणी पाजाले येतं का?"

"आता कावून आली? मेली का जगली पाहाले?"

"पातीवर नाई नेत तुले. पाणी म्हन्लं. बायकांचे घसे सुकून राहिले अन् तू घरात बसून मले शिव्या देऊन राहिली. तिथं येऊन दे."

मी गेले. तेव्हापासून टोळीला पाणी पाजायचं काम माझं. निंदणाऱ्या बाईला गवत दिसतं, पाणी पाजणारीला तोंडं दिसतात. पुढचं मी सांगते ते त्यामुळंच.

पंचफुला माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. ठेंगणी, रुंद हाडाची. लुगड्यावर मुलाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा. नवरा लवकर गेला. मुलगा सुनील, सून लता, आणि मुलगी मीना अकोल्याला दिलेली. निंदताना तिचा हात दिसायचा नाही. गवत उपटलं की विळ्याच्या दांड्यावर एकदा आपटून माती झाडायची आणि मुळं आभाळाकडं करून मांडून ठेवायची. फेकायची नाही, मांडायची. "गवताच्या मुळाले मातीचं तोंड दिसलं की ते पुन्हा जीव धरते," म्हणायची. बाकीच्या बाया पंचफुला पाहत असली की मांडायच्या, नाही तर फेकायच्या. तिनं निंदलेली पात दुसऱ्या दिवशी लांबून ओळखू यायची. वाळलेल्या मुळांची रांगोळी काढल्यासारखी.

एकदा मुऱ्हाळे नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात ओळीच्या मधोमध साप निघाला. बाया पदर सांभाळत धुऱ्याकडं पळाल्या. ही उठली नाही. विळ्याच्या टोकानं त्याच्या पुढचं गवत बाजूला केलं आणि म्हणाली, "जाय बापा, तुह्या कामानं जाय. आमाले आज हे वावर सरवाचं हाये." साप गेला. मग मागं वळून बायांवर ओरडली, "त्याले समजते, तुमाले नाई समजत! बसा पातीवर!"

दुसऱ्या एका शेतवाल्यानं बायांवर नजर ठेवायला धुऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची आणली. पंचफुलानं त्याला विचारलं, "भाऊ, कंबर दुखते का?" तो म्हणाला, नाही. "मंग खुर्ची आनलीच हाये तं गवताच्या बाजूनं ठेवा. बसल्या बसल्या दोन काड्या तुमीही उपटा." बाया इतक्या हसल्या की तो खुर्ची घेऊनच गेला.

सुनेलाही सोडलं नाही. लता लग्न होऊन आली, तिला टोळीत घेतलं. पोरगी पातीवर बसून मोबाईलवर माहेरी बोलायची. चौथ्या दिवशी सासू सगळ्या गल्लीला हाका देऊन गेली आणि घरातल्या घरात सुनेला हाक दिली नाही. लता माझ्याकडं रडत आली. मी म्हटलं, "रडू नको, माझ्यासारखीच गेलीस. पाणी पाजायची जागा मात्र भरलेली आहे." पुढच्या हंगामात घेतलं तिला. मोबाईल घरी ठेवून.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. हरभरा काढून झाला होता. आमच्या गल्लीतून दोघींना अमरावतीला नेलं, पंचफुलाला आणि सुभद्राला. दोघी एकाच टोळीतल्या, एकाच दवाखान्यात. पंचफुला ऑक्सिजनवर होती. पंधरा-सोळा दिवसांनी ती परत आली. सुभद्रा आली नाही.

आली तेव्हा केस मुठी-मुठीनं गळत होते, पण जेवत होती, बोलत होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार गेला, एवढंच आम्हाला माहीत. तिलाही तेवढंच माहीत. मृग लागला, पेरण्या झाल्या, गवत उगवलं, आणि एका सकाळी गल्लीत तिची हाक आली.

आधी ती चालता चालता हाका द्यायची, एका दमात चार-पाच नावं. आता चौथ्या दाराशी थांबली. वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागली. पट्ट्याला काही झालं नव्हतं. मग आठव्या दाराशी पुन्हा पट्टा. मी ओट्यावरून पाहत होते. म्हटलं, नवी चप्पल घे म्हणावं.

आठ-दहा दिवस असे गेले. मग एका सकाळी ती सुभद्राच्या दाराशी आली आणि हाक दिली, "ए सुभद्रा, चाल वं, उशीर झाला!"

बाया दारादारातून पाहू लागल्या. सुभद्राचा नवरा दात घासता घासता बाहेर आला. पंचफुला तिथंच उभी. तिला कळेना सगळे असे का पाहतात. मग कळलं. तिचं तोंड मी तेव्हा पाहिलं तसं कधी पाहिलं नव्हतं. सापाला न भ्यालेली बाई होती ती.

"चुकलं बापू माह्यं," ती म्हणाली.

तो म्हणाला, "राहू द्या काकू. मीही मारतो तिला हाक कधी कधी."

त्या दिवसापासून तिनं पदराला सोळा गाठी मारल्या. एक हाक दिली की एक गाठ सोडायची. पण गाठीनं आकडा समजतो, नाव समजत नाही. कोणाला दोनदा हाक जायची, कोणाला जायचीच नाही. बेबी नावाची एक बाई आपल्याला काढलं समजून दिवसभर घरात रडत बसली. पंचफुलाला संध्याकाळी कळलं तेव्हा ती बेबीच्या घरी गेली. "तुले नाई काढलं वं. मीच सांडली कुठंतरी," म्हणाली.

पातीवरही तेच. ती मागं राहू लागली. आधी हातभर, मग दोन हात. तिच्या उजव्या अंगाला कुसुम बसायची, डाव्या अंगाला बेबी. दोघींनी आपसात ठरवलं आणि न बोलता तिच्या पातीतलं वीतभर वीतभर दोन्ही बाजूंनी निंदू लागल्या. पंचफुलाच्या वाट्याला मधली पट्टी तेवढी उरली. ओळ पुन्हा सरळ झाली. सगळ्यांना माहीत होतं, तिला सोडून. दोन दिवस हे चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाकर खाऊन ती निंदलेल्या बाजूनं परत येत होती. आपल्या पातीजवळ थांबली. खाली पाहिलं.

"हे गवत कोनाचं?"

बाया भाकरीची फडकी झटकू लागल्या.

"माह्या पातीत उलटं गवत कोनी फेकलं? मुळं मातीत! माह्या हातचं हाये का हे?"

कुसुम हळूच म्हणाली, "काकू, जरासा हात लावला आमी. तुमाले बरं नाई तं..."

"मले बरं नाई असं मी सांगतलं तुले? भिकारीन हाये मी? तुह्या ताटातलं खाऊन राहिली ना मी दोन दिवसांपासून! अन् तुमी मले सांगतलंही नाई!"

ती ओरडत होती आणि मधेच तिचा श्वास संपला. तोंड उघडं, आवाज नाही. खाली बसली. मी पाणी घेऊन गेले तर तिनं गुंड ढकलला.

आता माझी चूक सांगते. त्या संध्याकाळी मी कुसुमला म्हटलं, "चार महिने होत आले. आता कसला कोरोना? हुकूम करून करून अंग जड झालंय तिचं." हे मी मोठ्यानं बोलले. कुडापलीकडं पंचफुला होती. तिनं ऐकलं.

तिनं ऐकलं आणि खरं मानलं. हीच तर अडचण. आमच्याकडं सगळ्यांची हीच समजूत, तिचीही तीच, की बसून अंगात सुस्ती भरते आणि कामानं ती निघते. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढं आठ-दहा हात निंदत गेली. बाया खूश. मीही खूश, माझं बोलणं खरं झालं म्हणून. नंतरचे चार दिवस तिला पाण्याचा गिलास उचलवेना. पाचव्या दिवशी उठली, पुन्हा तसंच निंदली, पुन्हा पडली. असं श्रावणभर. चांगला दिवस आला की ती तो पुरता खर्चून टाकायची, आणि लोक म्हणायचे, काल तर चांगली होती.

तालुक्याच्या डॉक्टरानं सलाईन लावलं, ताकतीचं इंजेक्शन दिलं. काही नाही. शेवटी सुनीलनं अमरावतीच्या मोठ्या दवाखान्याचं ठरवलं. त्याला सुट्टी नव्हती, लता बाळंतपणाला माहेरी. मी चौथी शिकलेली, कागद वाचता येतात, म्हणून मला सोबत पाठवलं. बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही. बडनेऱ्यापर्यंत मी तिच्या मानेकडं पाहत गेले.

दवाखान्यात रांगेत आमच्या पुढं एक शाळामास्तर होते. चांगले उंचपुरे. ते सांगत होते, फळ्यावर लिहिता लिहिता मधेच शब्द जातो, मुलं सांगतात तेव्हा लिहितात. घरी जिना चढताना मधल्या पायरीवर बसतात. हेडमास्तर म्हणतात, रजेसाठी चाललंय. पंचफुला त्यांच्या तोंडाकडं एकटक पाहत होती.

"मास्तर, तुमचे रिपोर्ट?"

"सगळे चांगले."

"माह्येही चांगले!" ती म्हणाली. इतक्या दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. "वयनी, आयकलं का? मास्तरही खोटे, मीही खोटी."

मी खाली पाहिलं. तेवढंच मला जमलं.

डॉक्टरीण लहान पोरगी होती. तिनं पंचफुलाला खोलीत सहा मिनिटं चालवलं, बोटाला चिमटा लावला, छातीचा फोटो पाहिला. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही खोटं बोलत नाही. खूप लोकांना असं होतंय. पण यावर एक गोळी दिली आणि बरं झालं, असं औषध माझ्याकडं नाही. कधी जाईल तेही मला सांगता येत नाही. थकण्याच्या आधी बसायचं. थकल्यावर नाही, आधी."

"थकण्याआधी?"

"हो."

"माय, थकण्याआधी बसते त्याले आमच्या इकडं आळशी म्हनतेत. अशा बाईले मी हाक नाई देत."

डॉक्टरीण हसली. पंचफुला हसली नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मी बोलले ते चुकलं माझं." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तू एकटीच कुठं बोलली? मीही तेच बोलत होती मले." मग बडनेरा मागं पडल्यावर म्हणाली, "माही पात गेली तं मी कोन हाये, वयनी?" उत्तर माझ्याकडं असतं तर दिलं असतं, मी काही ठेवून घेणारी नाही.

तिनं थकण्याआधी बसून पाहिलं. तीन दिवस. दर दहा हातांवर बसायची, ओळ पुढं जायची, आणि ती ओळीच्या पाठीकडं पाहत राहायची. कोणी काही म्हटलं नाही. कुसुम तर म्हणाली, "काकू, तुमी नुसत्या धुऱ्यावर बसा, आमी निंदतो. तुमचा वाटा तुमाले भेटीन." सोळा बायांपैकी एकीनंही नाही म्हटलं नसतं. मलाही तेच बरं वाटत होतं. इतकी वर्षं टोळी हिनं सांभाळली, एक हंगाम टोळीनं हिला सांभाळावं.

पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात एका सकाळी हाका आल्या त्या लताच्या आवाजात. ती तान्ही पोर घेऊन परत आली होती. पोर पाठीशी बांधून ती दारोदार जात होती, सासूनं रात्री तिच्याकडून सगळी नावं घोकून घेतली होती. सगळी नावं झाली. लता परत आपल्या दाराशी आली, घाबरत घाबरत थांबली आणि तिनं हाक दिली, "आत्याबाई, चाला!"

आतून आवाज आला, "माह्यं नाव कोनी घेतलं?"

"मी घेतलं."

"किती दिवसांपासून मागं हाये मी?"

लतानं पाठीवरची पोर सारखी केली.

"सांग ना वं. तुले चार दिवसांत काढलं होतं मी. मले किती झाले?"

"आत्याबाई, तुमचं दुखनं हाये..."

"वयनीचे गुडघे दुखनं नोयते? बेबीले पोटात होतं तवा तिले काढलं, ते दुखनं नोयतं? तवा मले समजलं नाई. आता समजलं, तं सोतासाठीच नेम मोडू का? जाय. ऊन होऊन राहिलं."

दार लागलं. बाया गेल्या. मला त्या दिवशी पाणी न्यायला उशीर झाला. तिच्या दाराशी मी थोडा वेळ उभी होते. आत रडण्याचा आवाज नव्हता. बाजेचा आवाज आला, ती आडवी झाली असावी.

खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता. मदत घ्यायलाही अंगात काहीतरी लागतं, ते तिच्यात नव्हतं. पण तिनं एक केलं, अकोल्याला मीनाकडं जाण्याआधी लताला सांगून टोळीचा नेम बदलवला. मागं राहणारीला आता काढत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूच्या बाया वीत-वीत घेतात, पण तिला सांगून, उघड. लपवून नाही. हे लतानंच मला सांगितलं.

दिवाळीनंतर मीना येऊन तिला अकोल्याला घेऊन गेली. वर्ष गेलं, दुसरं गेलं. खबर यायची. बरी आहे. पडून आहे. बरी आहे. मला माहीत होतं, दोन्ही खरं असणार.

गेल्या हिवाळ्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेले. पट्टी निघाल्यावर मीनाकडं गेले. मीनाचा नवरा भाजीची गाडी लावतो, मीना हार ओवते. पंचफुला दाराशी बसून तिला झेंडूची फुलं निवडून देत होती. केस परत आले होते, पांढरे. मला पाहून उठली नाही. "बस. चष्मा नाई लावला? माह्यं तोंड दिसून राहिलं का नीट?"

"दिसतं. चांगलं तर ते कधीच नव्हतं."

ती हसली आणि खोकली. सांगू लागली, आता दिवसात दोन खेपा चालते. नावं अजून सांडतात. जिना नाही चढत. चांगला दिवस आला तरी अर्धा ठेवून देते. "अर्धा ठेवाले लय जोर लागते, वयनी. निंदाले इतका नोयता लागत."

मी निघाले तर म्हणाली, कोपऱ्यापर्यंत येते. मी म्हटलं कशाला. ती चप्पल घालून उभीच. दोन घरं चाललो आणि ती एका ओट्यावर बसली, घरमालकाला न विचारता. आतून एक बाई आली, "आली का मावशी," म्हणाली आणि गेली. आणखी दोन घरं, पुन्हा ओटा. एका घरचा ओटा ओला होता. पंचफुला त्याच्या पुढच्या दगडावर बसली.

"इथली बाई माह्या टायमाले बादलीभर पानी टाकते," ती सांगू लागली, मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं. "रोज. तिले वाटते मी वल्ल्यात नाई बसनार. मी इथं बसते. तिचा ओटा तेवढा धुऊन निघते."

कोपऱ्यावर ऑटो उभा होता. ऑटोवाला हात करत होता. अजून सहा-सात घरं होती.

"थांब, येते मी," ती उठत म्हणाली, आणि पुन्हा खाली बसली. पुरतं उठण्याच्या आधीच बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, रस्त्याकडं पाहिलं, किती उरला ते.

मी उभी राहिले. म्हटलं, "थांबते मी. त्याला ओरडू दे."

"कावून? तुह्या गाडीचा टाइम हाये." तिनं हातानं मला ढकलल्यासारखं केलं. "तू हो पुढं."

मी ऑटोत बसले. ऑटोवाल्यानं विचारलं, "त्या आजी येताहेत का? थांबू?" मी मागं वळून पाहिलं. नव्या डोळ्यानं लांबचं स्वच्छ दिसत होतं. ओल्या ओट्याच्या घरातली बाई दारात आली होती. कंबरेवर हात ठेवून काहीतरी बोलत होती, आणि पंचफुला दगडावर बसल्या बसल्या तिला उत्तर देत होती. हात भराभर हलत होते. भांडण रंगात आलं होतं.

"नको," मी म्हटलं. "तिला वेळ लागेल. चल."